ओजेटीचे १२० तास कुणाच्या भरवशावर?

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ साली नव्या शैक्षणिक धोरणानुसार एफवाय बीएला बसलेली तुकडी २०२६-२७ मध्ये टीवायला पोचते. या मुलांच्या तिसऱ्या वर्षात ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, नावाचा चार क्रेडिटचा भाग आहे. एका क्रेडिटला तीस तास धरले तर प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी १२० तास. आता ठाण्यातल्या किंवा वाशी-नेरुळमधल्या एखाद्या कॉलेजात टीवाय बीएला २०० मुलं आहेत असं धरा. चोवीस हजार तासांचं काम बाहेरून आणायचं. एका जागी सरासरी चार मुलं खपली तरी पन्नास आस्थापना लागतात. प्रत्येकीला पत्र, तिची संमती, तिथे मुलांवर लक्ष ठेवणारा माणूस, मधे निदान एक भेट, शेवटी गुणपत्रक. हे करायला कॉलेजात कोण आहे? बहुतेक ठिकाणी एक प्राध्यापक, ज्यांच्या गळ्यात परीक्षा समितीही आहे आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा पाचवा निकषही.

हा हिशोब मांडल्यावर एक गोष्ट मान्य करावीच लागते. कला शाखेच्या मुलांना कामाधंद्यासाठी तयार करणं एका प्लेसमेंट सेलच्या आवाक्यातलं नाही. त्यात अभ्यासक्रम ठरवणारं अभ्यास मंडळ लागतं, ग्रंथालय लागतं, परीक्षा विभाग लागतो, आणि सात जिल्ह्यांत पसरलेल्या विद्यापीठाचा ठाण्यासारखा उपपरिसरही लागतो. आज मात्र हा सगळा भार प्लेसमेंट सेल नावाच्या पाटीवर टाकलेला आहे.

त्या पाटीमागे काय चालतं ते कुणालाही माहीत आहे. नॅकच्या पाचव्या निकषात किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली, किती पुढच्या शिक्षणाला गेले, हे आकडे भरावे लागतात. म्हणून फेब्रुवारीत एक जॉब फेअर होतो. कॉमर्सच्या मुलांसाठी बोलावलेल्या बँका आणि विमा कंपन्यांच्या रांगेत बीएची मुलंही उभी केली जातात. ऑफर मिळते ती बहुधा फील्ड सेल्सची, पगारापेक्षा कमिशनवर चालणारी. मुलगा दोन महिन्यांत सोडतो, पण नॅकच्या फाइलमध्ये नियुक्तिपत्राची झेरॉक्स कायमची लागलेली असते. हा आकडा खोटा नाही, पण त्यातून त्या मुलाबद्दल काहीच कळत नाही.

दुसरा आवडता उपाय म्हणजे सॉफ्ट स्किल्सची कार्यशाळा. बाहेरून कुणी ट्रेनर येतो, हस्तांदोलन कसं करावं, टाय कसा बांधावा, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला काय उत्तर द्यावं हे दोन दिवस सांगतो आणि प्रमाणपत्र वाटून जातो. बीएच्या मुलाची अडचण टाय ही नाही. तीन वर्षं त्याने जे केलं, त्याला कामाच्या भाषेत काय म्हणतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

समजा, इतिहास घेतलेल्या एका मुलीने फील्ड प्रोजेक्ट म्हणून ठाण्यातल्या तलावांवर काम केलं. जुने नकाशे पाहिले, वयस्कर माणसांशी बोलली, वर्तमानपत्रांची कात्रणं काढली. बायोडाटात ती लिहिते, ‘हार्डवर्किंग, टीम प्लेअर, गुड कम्युनिकेशन’. तीच गोष्ट अशीही लिहिता येते: ‘बारा जणांच्या मुलाखती घेऊन लिहून काढल्या, तीन काळांतले नकाशे ताडून पाहिले, विसंगत माहिती कुठली ते टिपणासह नोंदवलं, पंचवीस पानी अहवाल मुदतीत दिला.’ पहिली ओळ हजार बायोडाटांत सापडते. दुसरी वाचून नवी मुंबईत महाप्यातल्या रिसर्च टीमचा मॅनेजर निदान मान वर करतो, कारण विसंगत माहिती शोधून नोंदवणं हे त्याचं रोजचं काम आहे. ही दुसरी ओळ लिहायला कुठला ट्रेनर शिकवणार? तो प्रोजेक्ट ज्यांनी तपासला त्या इतिहासाच्या मॅडमच शिकवू शकतात. त्यासाठी वेगळा पेपर नको. प्रोजेक्टच्या शेवटी एक पान जोडायला सांगा: काय केलं, किती केलं, कुठे अडलं, कसं सोडवलं. त्या पानाला पाच गुण द्या. गुण नसतील तर ते पान कुणी लिहिणार नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे.

म्हणूनच अभ्यास मंडळांपासून सुरुवात व्हायला हवी. नव्या रचनेत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल स्किल, स्किल एनहान्समेंट असे खण आहेत. कागदावर हे फार चांगलं आहे. भूगोलाच्या मुलाने ओपन इलेक्टिव्ह म्हणून दुसऱ्या शाखेतलं काही घ्यावं, ही कल्पना योग्यच. प्रत्यक्षात काय होतं? ज्या विषयाच्या शिक्षकाचा कार्यभार कमी पडतोय त्याचा विषय ‘ओपन’ होतो. मुलाला उपयोग काय, हा प्रश्न शेवटी येतो आणि बहुधा येतच नाही. आसपासच्या चार-पाच कॉलेजांनी मिळून ओपन इलेक्टिव्ह चालवले तर हा अडसर दूर होतो. पण दोन कॉलेजांची वेळापत्रकं जुळवायला वर कुणीतरी बसलेलं लागतं. ते काम उपपरिसराने करावं.

कौशल्याचे पेपर काय असावेत, याबद्दल या पट्ट्यात अंदाज बांधत बसायची गरज नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत एक चक्कर मारली की पुरे. आयटी पार्क, कॉल सेंटरं, बँकांची बॅक ऑफिसं, गोदामं, त्यापलीकडे उरणच्या बाजूला १९८९पासून चालू असलेलं जेएनपीए बंदर, आणि आता विमानतळ. या सगळ्यांना कोड लिहिणारी माणसंच लागतात, हा गैरसमज आहे. कंटेनर निर्यात होताना इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग या चार कागदांवर नगांची संख्या, एकूण वजन, मालाचं वर्णन जुळावं लागतं. आठ आकडी वर्गीकरण कोड बरोबर लागतो. एका कागदावर ४८० आणि दुसऱ्यावर ४०८ खोके पडले की कंटेनर अडतो आणि दिवसाचं भाडं चढत जातं. हे ताडून पाहणं अर्थशास्त्राच्या टीवायच्या मुलीला पंधरा दिवसांत शिकवता येतं. नमुन्याचे चार कागद, त्यांत मुद्दाम पेरलेल्या सहा चुका, आणि वीस मिनिटं. स्किल एनहान्समेंटच्या पेपरची प्रात्यक्षिक परीक्षा अशी का नसावी?

भूगोलाकडे तर क्यूजीआयएससारखं फुकट सॉफ्टवेअर आहे. फक्त ते ‘ओळख’ म्हणून एका तासात दाखवू नये. मुलांकडून एका प्रभागातले बसथांबे मोबाइलवर टिपून घ्यावेत, ते प्रभागाच्या सीमेवर चढवायला लावावेत. पहिल्यांदा ठिपके भलतीकडेच पडू शकतात, कारण एखाद्या थराची निर्देशांक प्रणाली चुकीची नोंदलेली असते. तिथे अडून जो मुलगा ते सोडवतो त्याला नकाशाचं काम देता येतं.

मराठीच्या मुलांचं काय, हा प्रश्न सर्वांत जास्त कीव करून विचारला जातो. खरं तर त्यांच्याजवळच सर्वांत जास्त काम पडलेलं आहे, कारण स्थानिक प्राधिकरणांनी मराठीतून कारभार करावा हे कायद्यानेच सांगितलं आहे. महापालिकेच्या फलकावर दिसते तशी एखादी नोटीस घ्या: ‘सदर क्षेत्रातील समस्त मालमत्ताधारक/भोगवटादार यांना सूचित करण्यात येते की, थकीत मालमत्ता कराची रक्कम विहित मुदतीत भरणा न केल्यास नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ ओजेटीला आलेल्या मुलीला सांगा, हे पाचवी शिकलेल्या आजींना कळेल असं लिही. ती लिहायला बसते: ‘या भागातल्या घरमालकांनी आणि भाडेकरूंनी थकलेला मालमत्ता कर...’ इथे ती अडते. कोणत्या तारखेपर्यंत? ‘विहित’ म्हणजे कधी? ‘पुढील कार्यवाही’ म्हणजे दंड, की नळ तोडणार, की जप्ती? भाडेकरूने भरायचा की मालकाने? नोटिशीत यातलं काहीच नाही. तिला कर विभागात जाऊन तीन माणसांना विचारावं लागतं. सोपं मराठी लिहिणं म्हणजे आधी नेमकं काय म्हणायचंय ते खणून काढणं, हे तिला त्या दिवशी कळतं, आणि कदाचित विभागालाही. असं एक काम केलेल्या मुलीला भाषांतर, सबटायटल, ग्राहकसेवेचा मजकूर, अ‍ॅपमधल्या सूचना, काहीही देता येतं.

मराठीच्या मुलांबाबत एक बारीक पण घातक गोष्ट. बऱ्याच विभागांत आणि डीटीपीच्या दुकानांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टायपिंग चालतं. त्यात दिसायला देवनागरी असली तरी आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात. मुलाने नमुना लेख म्हणून ती फाइल पाठवली, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, की तिथे निव्वळ खिचडी उघडते. कॉलेजला ही चूक कळतही नाही, कारण कॉलेजच्या संगणकावर सगळं छान दिसत असतं. एफवायलाच युनिकोडमध्ये टाइप करायचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकवा. सरकारी लिपिक-टंकलेखक पदांना मराठी ३० शब्द प्रतिमिनिट लागतातच, तो वेग आला तर एका दगडात दोन पक्षी.

पुन्हा ओजेटीकडे येऊ. ते कसं बिघडतं हे आधी नीट पाहायला हवं. काकांच्या सीए ऑफिसचं किंवा ओळखीच्या क्लासचं प्रमाणपत्र येतं, लॉगबुक शेवटच्या रात्री तीन रंगांच्या पेनांनी भरलं जातं. मुलगा खरोखर गेला तरी त्याला रिसेप्शनवर बसवतात किंवा एक्सेलमध्ये फोन नंबर भरायला लावतात. यात नेहमी मालकाचा दोष नसतो. कॉलेजच्या पत्रात ‘आमच्या विद्यार्थ्यास प्रशिक्षणाची संधी द्यावी ही विनंती’ एवढंच असतं, मग तो बापडा काय देणार? पत्रासोबत एक पानाचा कामाचा कागद हवा: १२० तासांच्या शेवटी कोणत्या तीन वस्तू हातात येतील, कोण तपासणार, साठाव्या तासाला कोण बोलणार. ‘माहिती घेतली’, ‘निरीक्षण केलं’ या वस्तू नव्हेत. दोनशे पुस्तकांच्या नोंदी, दहा सुधारलेल्या नोटिसा, एक तपासलेला तक्ता या वस्तू आहेत. ठाण्यात १८९३पासून उभ्या असलेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या संस्थांना असा कागद घेऊन गेलं तर बोलणं मुद्द्यावर होतं.

तासांची मांडणीही ठरवून करावी लागते. रोज सहा तास घेतले तर वीस दिवस. आठवड्याला दोन दिवस, चार-चार तास घेतले तर पंधरा आठवडे. बीएची कॉलेजं बहुतेक सकाळची असतात, त्यामुळे दुसरा पर्याय सोपा वाटतो. पण त्यात एक मेख आहे: आठवड्यातून दोनदा, दुपारनंतर येणाऱ्या मुलाला कुणी सलग काम देत नाही. आमचं मत वीस सलग दिवसांच्या बाजूने आहे. आणि मुंब्र्याहून ठाण्याला शिकायला येणाऱ्या मुलीचं ओजेटी ऐरोलीला लागलं, तर तिचा सवलतीचा रेल्वे पास घर ते कॉलेज एवढ्याच टप्प्याचा असतो. पुढचं भाडं, दुपारचं जेवण तिच्या खिशातून. ज्यांच्याकडे हे पैसे नाहीत तेच मग ओळखीचं प्रमाणपत्र शोधतात. विद्यार्थी कल्याण निधीतून एवढा प्रवासखर्च देणं कुठल्याही कॉलेजला झेपतं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अट पत्रातच घाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, आणि दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. समितीच्या अध्यक्षांचं नाव, नंबर संमतिपत्रावर मागा. जो मालक हे विचारल्यावर कपाळाला आठ्या घालतो, तिथे मुली पाठवू नका. मुलंही नका पाठवू.

भेटी द्यायच्या कुणी? इथे व्यवस्थेची खरी गाठ आहे. कॉलेजांत मोठ्या संख्येने शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. घणसोलीला जाऊन दोन विद्यार्थिनींची चौकशी करून परत येण्यात अर्धा दिवस जातो आणि हातात शून्य पडतं. मग भेट होत नाही, फोनवर ‘सगळं ठीक ना?’ एवढं होतं. ओजेटीचा मार्गदर्शक म्हणून घालवलेला वेळ कार्यभारात आणि तासिकेच्या बिलात धरला पाहिजे, हा निर्णय एकटं कॉलेज घेऊ शकत नाही. तो विद्यापीठाने आणि सरकारने घ्यायचा आहे.

उपपरिसरात एक कायमचा कक्ष असावा, असं म्हटलं की लगेच मोठ्या इमारतीचं चित्र उभं राहतं. इमारत नको. तीन माणसं पुरतात, पण बारा महिने पगारावर. एकाने आस्थापनांकडे जायचं आणि त्यांची यादी जिवंत ठेवायची. एकाने करार, पोर्टल, पैसे यांचं बघायचं. एकाने कॉलेजांतल्या शिक्षकांबरोबर बसायचं. आज होतं असं की एकाच कंपनीला त्याच महिन्यात सात कॉलेजांची सात पत्रं जातात आणि ती एकाही पत्राला उत्तर देत नाही. एकच माणूस गेला तर ती कंपनी तीस जागा देईल आणि त्या सात कॉलेजांत वाटता येतील.

या कक्षाने पदवीनंतरचं वर्षही हाती घ्यावं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली बदल झाल्यापासून अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेता येतं. २०१९च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, पदवीधराला किमान विद्यावेतन तेव्हा दरमहा ९,००० रुपये ठरलं, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत (नॅट्स) त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. टीटीसीच्या, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात तिसाच्या वर माणसं असलेल्या आस्थापना किती आहेत हे मोजायला वेगळी समिती नेमायला नको. शिवाय राज्य सरकारने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधराला दरमहा १०,००० रुपये ठरले. बीएच्या मुलांना यातलं काहीच माहीत नसतं. नोटीस बोर्डावर लावून ते कळणार नाही. या योजनांच्या पोर्टलवर नोंदणी करायला संगणकाची प्रयोगशाळा एक शनिवार उघडी ठेवावी लागेल, आणि तिथे आधार, मार्कशीट व बँक खात्यावरची नावं जुळतायत का हे पाहायला एक लिपिक. आईचं नाव एका कागदावर आणि वडिलांचं दुसऱ्यावर, किंवा मधलं नाव गाळलेलं, एवढ्यावर अर्ज अडकतो आणि दुरुस्तीत महिने जातात. एफवायच्या प्रवेशालाच हे तपासलं तर दुरुस्तीला पुरेसा अवधी असतो.

स्पर्धा परीक्षांबद्दल थोडंच, कारण त्यावर सगळेच बोलतात. ठाणे महापालिकेने १९८७ साली चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था सुरू केली. तरुणांची तयारी हे स्थानिक स्वराज्य संस्थेचंही काम आहे, हे या शहराने तेव्हाच मान्य केलं होतं. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. म्हणजे दहा ओळींत मुद्दा मांडता येणं, जे बीएच्या वर्गात शिकवायला हवंच, त्याचे आता थेट गुण आहेत. मात्र खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ असल्याने मुलं वर्षानुवर्षं अडकून पडतात. दुसऱ्या प्रयत्नानंतर हातात दुसरं काय आहे, हे विचारणारा माणूस क्लासमध्ये नसतो. तो विद्यापीठात असावा.

यावर प्राध्यापकांचा आक्षेप ठरलेला आहे: विद्यापीठ म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज नव्हे, साहित्य आणि तत्त्वज्ञान नोकरीसाठी शिकवत नाहीत. यातली तळमळ खरी आहे आणि त्यांची भीतीही खरी, कारण ‘उद्योगांना हवं ते शिकवा’ म्हणणाऱ्यांनी उद्या कविता काढून टाका म्हटलं तर नवल नाही. पण वर जे मांडलं त्यात एक ओळही अभ्यासक्रमातून काढलेली नाही. उलट तलावांचा इतिहास आणखी नीट करायला सांगितला आहे. आणि विषयाचं पावित्र्य जपायचं ओझं सर्वांत जास्त कुणावर पडतं ते पाहा. ज्याच्या घरी ओळखी आहेत त्याला तत्त्वज्ञान घेऊनही काम मिळतं. दिवा उपनगरातल्या चाळीतल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला मिळत नाही. विषय वाचवायचा असेल तर त्या घराला दिसलं पाहिजे की मुलीने तो घेतला म्हणून तिचं काही अडलं नाही.

परीक्षा विभागाकडे एकच मागणी. एप्रिलमध्ये ऑफर हातात येते, कंपनी जुलैत मार्कशीट मागते, आणि निकाल कधी लागेल ते सांगायला कुणी तयार नसतं. २०१७ साली ऑनलाइन मूल्यांकनाच्या घोळात मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले तेव्हा याची झळ हजारो घरांना बसली होती. निकालाची तारीख आधी जाहीर करावी, आणि ती हुकली तर विद्यार्थ्याने मागितल्यापासून तीन दिवसांत त्याच्या नावाचं पत्र द्यावं, ज्यात परीक्षा दिल्याची आणि निकाल प्रलंबित असल्याची नोंद असेल. आज असं पत्र हवं असेल तर विद्यापीठाचा कलिना परिसर गाठावा लागतो.

आणि तारखांचंच निघालं आहे तर ओजेटीची तारीख. शेवटच्या सत्रात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, मुलं पाठवायची असं बहुतेक कॉलेजांनी मनाशी धरलं आहे. नेमकं तेव्हाच कंपन्यांत आणि महापालिकेत वर्षअखेरीची घाई असते, मुलांना शिकवायला कुणाला उसंत नसते. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच, नोव्हेंबरच्या मध्यापासून वीस दिवस सलग घेतले तर दोन्हीकडे जमतं. पण मग आस्थापनांशी बोलणी पावसाळ्यात उरकायला हवीत, आणि कामाचा कागद जोडलेली पत्रं गणपतीच्या आधी गेलेली असली पाहिजेत.